बॅकरा, कॅम्प नं. ३ स्टाइल!

ऑफिसची गँग गोव्याला निघाली, बोटीवरच्या कॅसिनोत जायचं ठरलं आणि माझी चांगलीच पंचाईत झाली. झब्बू आणि मेंढीकोट सोडले तर पत्त्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मग उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये, एका जुन्या बॅरेकीत, काबुली चण्यांवर माझी शिकवणी सुरू झाली...

"या वेळी नुसतं बीच-बीच नको, कॅसिनो करू या!" शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी आमच्या टीम लीडने घोषणा केली आणि सात जणांची गँग एकदम चार्ज झाली. कुणी म्हणालं रुले, कुणी म्हणालं पोकर. टीम लीड म्हणाला, "छे! बॅकरा. सगळ्यात सोपा आणि सगळ्यात क्लासी. जेम्स बाँडचा गेम आहे तो."

"म्हणजे बॅकारॅट ना?" मी विचारलं.

झालं! जो हशा पिकला तो लिफ्टपर्यंत पुरला. स्पेलिंगमधला शेवटचा 'ट' लिहायचा असतो, बोलायचा नसतो, हे ज्ञान मला तिथे झालं. (बाय द वे, टीम लीडचं ज्ञानही अर्धवटच होतं. इयान फ्लेमिंगच्या १९५३ सालच्या 'कसिनो रोयाल' कादंबरीत बाँड बॅकराच खेळतो. पण २००६ च्या सिनेमात निर्मात्यांनी त्याच्या हातात पोकरचे पत्ते दिले. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर!)

गोव्याला जायला तीन आठवडे होते. बोटीवर सगळ्यांसमोर पुन्हा पचका करून घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या रात्री अंबरनाथ लोकलच्या दारात लटकताना ठरवलं, शिकायचंच!

बॅरेकीतला मास्तर

उल्हासनगर म्हटलं की लोकांना 'मेड इन यूएसए'चा जोक आठवतो. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! पण आमच्या गावाची खरी ओळख म्हणजे हे कॅम्प. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बॅरेकींमध्ये जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारींनी 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर केलं, पण पत्त्यात अजूनही कॅम्प नंबर, सेक्शन नंबर आणि बॅरेक नंबर लिहावाच लागतो. पोस्टमन त्यावरच चालतो.

आमची बिल्डिंग पुनर्विकासातली. तिच्या मागे मात्र एक बॅरेक अजून शिल्लक आहे आणि तिच्या टोकाच्या खोलीत आमचे अंकल राहतात. वय पंचाहत्तरीच्या पुढे. जन्म कॅम्पातलाच. मराठी, हिंदी आणि सिंधी तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलणार. दिवाळीत सगळ्या गल्लीची तीन पत्ती त्यांच्या ओट्यावर चालते. पण ते स्वतः कधीच बसत नाहीत, फक्त पत्ते पिसून देतात. असं का, हे मी लहानपणापासून एकदाही विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी आंटींनी दाल-पकवानची प्लेट पुढे ठेवली आणि मी विषय काढला. "अंकल, बॅकरा येतो तुम्हाला?"

"नाव नाही ऐकला. बता, कसा खेळतात?"

मी मोबाइलवर वाचलेलं जमेल तसं सांगितलं. दोन बाजू असतात. दोघांना दोन-दोन पत्ते. बेरीज करायची, दहाच्या वर गेली तर फक्त एककाचा आकडा धरायचा. सात आणि आठ पंधरा, म्हणजे पाच.

अंकल एकदम ताठ बसले. "अरे बेटा, ये तो मटका है!"

रतन खत्री ते मकाव

मला आधी वाटलं, म्हातारा काहीतरीच बोलतोय. मग त्यांनी समजावलं आणि मी चाट पडलो.

मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईला यायचे आणि त्यांवर आकडे लागायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तो धंदा बंद पडला. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले मटके सुरू केले. ('कल्याण मटका' हा कल्याण शहराचा, असं आमच्याकडे बरेच जण समजतात. तो कल्याणजींचा!) खत्री कराचीचे, सिंधी, फाळणीनंतर मुंबईत आलेले. २०२० मध्ये ते गेले. पद्धत अशी, की शून्य ते नऊमधले तीन आकडे काढायचे, बेरीज करायची, शेवटचा आकडा तो 'ओपन'. पाच, तीन, सहा निघाले तर चौदा, म्हणजे चौका. रात्री पुन्हा तसंच, तो 'क्लोज'.

बॅकराचं गणित अगदी हेच! मकावच्या झगमगत्या कॅसिनोंची बहुतांश कमाई ज्या खेळावर चालते, त्याची बेरीज आमच्या कॅम्पातल्या पानवाल्यालाही चाळीस वर्षांपूर्वी तोंडपाठ होती. फरक एवढाच, की मकावमध्ये ती झुंबराखाली करतात.

अंकल शिकवायला तयार झाले. म्हणजे, दोघांनी मिळून शिकायला. पण एक अट घातली. "पैसे नाही. चणे. आणि प्रत्येक हात वहीत लिहायचा. जिंकला तरी, हरला तरी."

मी स्टेशनजवळच्या दुकानातून पत्त्यांचे आठ कॅट घेतले. "दिवाळी लवकर आली काय?" दुकानदाराने विचारलं. कॅसिनोत आठ कॅट एकत्र पिसतात, म्हणजे ४१६ पत्ते. ते ज्या डब्यातून एकेक करून काढतात त्याला 'शू' म्हणतात. आमचा शू अंकलनी जीन्सच्या लेबलांच्या खोक्याला फट पाडून बनवला. एकदम झकास!

चला, डाव मांडू या

तर मंडळी, तुम्हीही एखादा कॅट घेऊन बसा. खेळ खरंच सोपा आहे.

टेबलवर दोन हात असतात, 'प्लेअर' आणि 'बँकर'. इथेच नवख्यांचा घोळ होतो. प्लेअर म्हणजे तुम्ही नाही आणि बँकर म्हणजे कॅसिनो नाही. ती फक्त दोन बाजूंची नावं आहेत, आपल्या अंदर-बाहरमधल्या अंदर आणि बाहरसारखी. तुम्ही कुठल्याही बाजूवर पैसे लावू शकता किंवा 'टाय'वर, म्हणजे बरोबरीवर.

पत्त्यांची किंमत अशी: एक्का म्हणजे एक. दुर्रीपासून नव्वीपर्यंत जो आकडा तीच किंमत. दश्शी, गुलाम, राणी, राजा या सगळ्यांची किंमत शून्य! इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांना काही अर्थ नाही. नऊच्या जास्तीत जास्त जवळ जाईल तो हात जिंकला. नवाच्या पुढे शून्य, आणि शून्याच्या हातालाच 'बॅकरा' म्हणतात.

दोन पत्त्यांतच कुणाचे आठ किंवा नऊ झाले तर तो 'नॅचरल'. डाव तिथेच संपला. नाहीतर तिसऱ्या पत्त्याचा नियम लागतो. तो पाठ करायची गरज नाही, डीलर सगळं करतो. पण आपल्यासमोर काय चाललंय हे कळलं तर मजा वेगळीच.

चौकट: तिसरा पत्ता कुणाला?

आधी प्लेअर: बेरीज ० ते ५ असेल तर तिसरा पत्ता घेतो. ६ किंवा ७ वर थांबतो.

प्लेअर थांबला असेल तर बँकरलाही तोच नियम.

प्लेअरने तिसरा पत्ता घेतला असेल तर बँकर असं वागतो:
- बेरीज ०, १, २: नेहमी पत्ता घेतो.
- बेरीज ३: घेतो, फक्त प्लेअरचा तिसरा पत्ता अठ्ठी असेल तर नाही.
- बेरीज ४: प्लेअरचा तिसरा पत्ता २ ते ७ असेल तर घेतो.
- बेरीज ५: तो पत्ता ४ ते ७ असेल तर घेतो.
- बेरीज ६: तो पत्ता ६ किंवा ७ असेल तरच घेतो.
- बेरीज ७: थांबतो.

आमचा पहिलाच डाव सांगतो. प्लेअरला बदाम सत्ती आणि इस्पिक अठ्ठी, म्हणजे पंधरा, म्हणजे पाच. बँकरला तिर्री आणि राणी, म्हणजे तीन. प्लेअर पाचवर आहे म्हणून त्याला तिसरा पत्ता, आला राजा. शून्य! पाचचे पाचच राहिले. बँकरचे तीन आहेत आणि प्लेअरचा तिसरा पत्ता अठ्ठी नाही, म्हणून बँकरलाही पत्ता. आली पंजी. तीन आणि पाच आठ. बँकर जिंकला, आठ विरुद्ध पाच.

"बँकर हुशार आहे," अंकल म्हणाले. "दुसऱ्याचा पत्ता बघून मग आपला उचलतो."

एका वाक्यात त्यांनी खेळाचं मर्म सांगितलं. बँकरची पाळी नंतर येते, म्हणून तो किंचित जास्त वेळा जिंकतो. हजार डावांत सरासरी ४५९ वेळा बँकर, ४४६ वेळा प्लेअर आणि ९५ वेळा टाय. म्हणूनच बँकरवर जिंकलात तर कॅसिनो पाच टक्के कमिशन कापतो. हजाराला हजार मिळत नाहीत, साडेनऊशे मिळतात.

वही काय म्हणते?

तीन आठवडे रोज रात्री जेवण झालं की मी बॅरेकीत हजर. बायको म्हणायला लागली, "एमपीएससीला बसतोयस की काय?" अंकल लाल कापडी बांधणीच्या जुन्या वहीत नोंद करायचे. ब, प, ट. शेवटच्या रात्री हिशेब केला. ३०० डाव. बँकर १३९, प्लेअर १३१, टाय ३०.

आता प्रत्येक डावाला एक चणा लावला असता तर काय झालं असतं? प्लेअरवर लावणारा आठ चणे हरला असता. टायला एकास आठ मिळतात. तीस वेळा जिंकून २४० चणे आले आणि २७० गेले, म्हणजे तीस चण्यांचा चुना! बँकरवाल्याला आठ चणे सुटायला हवे होते, पण कमिशनने त्यातले जवळपास सात खाल्ले. तीनशे डाव खेळून हातात किती? एक चणा!

आणि हे आमचं नशीब बरं म्हणून. लांब पल्ल्यात बँकरवर लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी १ रुपया ६ पैसे कॅसिनोचे. प्लेअरवर १ रुपया २४ पैसे. टायवर तब्बल १४ रुपये ३६ पैसे! कॅसिनोतल्या बाकी खेळांच्या मानाने बँकरचा भाव स्वस्त आहे, हे खरं. रुलेच्या दोन शून्यांच्या चाकावर शंभरामागे सव्वापाच रुपये जातात. मटक्यात तर आकडे दहा आणि रुपयाला मिळायचे नऊ. म्हणजे शंभरामागे दहा रुपये धंदेवाल्याचे.

पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. बॅकरा फास्ट चालतो, तासात साठ-सत्तर डाव सहज होतात. हजार रुपयांच्या बोलीने शंभर डाव खेळलात की तुम्ही टेबलवरून एक लाख रुपये फिरवलेत आणि बँकरवर खेळूनसुद्धा त्यातले सरासरी हजार-अकराशे तिथेच राहिले. हे सरासरीचं. एका रात्रीत दहा हजार वर जाल किंवा दहा हजार खाली. त्या वर-खालीचीच तर नशा असते!

लाल गोळे, निळे गोळे

कॅसिनोत बॅकराच्या टेबलाशेजारी स्क्रीन असते. त्यावर आधीचे सगळे निकाल: बँकरचा लाल गोळा, प्लेअरचा निळा. लोक तिच्याकडे कुंडली पाहिल्यासारखं पाहतात. "पाच लाल झाले, आता निळा येणारच." दुसरा म्हणतो, "लाइन चालू आहे, लालवरच लाव."

हे मी सांगितलं तेव्हा अंकल हसले, मग गप्प झाले. उठून ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागदांचा गठ्ठा काढला. मटक्याचे चार्ट! महिनोन् महिन्यांचे ओपन-क्लोज, बारीक अक्षरात, मध्ये लाल पेन्सिलीच्या रेघा.

"मी पण वाचत होता," ते म्हणाले.

ऐंशीच्या दशकात कॅम्प तीनमध्ये त्यांचं आणि त्यांच्या भागीदाराचं रेडीमेडचं दुकान होतं. संध्याकाळी ओपन, रात्री क्लोज. आधी खिशातले गेले, मग गल्ल्यातले. गल्ला रिकामा झाल्यावर एका दोस्ताने उधार दिले. पुन्हा दिले. तिसऱ्यांदाही दिले, कारण अंकल म्हणाले होते, या वेळी चार्टमध्ये पक्कं दिसतंय. दीड वर्षात दुकानातला त्यांचा हिस्सा विकावा लागला. आंटींच्या बांगड्या त्याआधीच गेल्या होत्या. आज तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

"आधा कसूर माझा," अंकल म्हणाले. "आणि आधा त्या दोस्ताचा, ज्याने तिसऱ्या वेळी नाही म्हटला नाही. चांगला माणूस होता बिचारा. म्हणूनच नाही म्हणू शकला नाही."

आंटी आत भाकरीच्या परातीपाशी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला दिवाळीतली तीन पत्ती आठवली आणि अंकल फक्त पत्तेच का पिसतात, हे कळलं.

१८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेच्या चाकावर लागोपाठ २६ वेळा काळा रंग आला होता. पंधराव्या-सोळाव्या वेळेपासून लोक लालवर पैसे ओतत सुटले. "आता तरी लाल येईलच!" लाखो फ्रँक बुडाले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. चार्ट वाचणाऱ्या माणसाला मात्र सगळं आठवत असतं, गोची तिथेच होते.

मांडवीच्या पाण्यावर

आणि मग एकदाचं गोवा! पणजीच्या जेट्टीवरून छोटी बोट आम्हाला मांडवी नदीत उभ्या मोठ्या बोटीवर घेऊन गेली. डीलर हाताने पत्ते वाटतोय असं टेबल पाहायचं तर गोव्यात बोटीवरच जावं लागतं. १९९६ च्या कायदा दुरुस्तीने तशी परवानगी दिली. जमिनीवरच्या पंचतारांकित हॉटेलांना मशिनवरचे खेळ. आपल्या महाराष्ट्रातही १९७६ मध्ये कॅसिनोचा कायदा झाला होता बरं का! तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला.

आत एसीचा गारवा, गालिचे, गाणी, बुफे. भिंतीवर घड्याळ शोधलं तर दिसलं नाही. बॅकराच्या टेबलवर कमीत कमी बोली हजाराची होती. माझ्या खिशात दहा हजार, एटीएम कार्ड मुद्दाम हॉटेलच्या रूममध्ये ठेवलेलं. मी बँकरवर हजार, बँकरवर हजार, असं शांतपणे खेळत गेलो. डीलरने तिसरा पत्ता काढायच्या आधी मी "आता बँकर थांबणार" म्हणालो, तो थांबला आणि टीम लीडने माझ्याकडे वळून पाहिलं. कॉफी मशीनचा बदला पूर्ण!

२४ डावांनी मी उठलो. दहा जिंकलो, बारा हरलो, दोन टाय. दहांचे साडेनऊ हजार आले, बारा हजार गेले. अडीच हजार हरलो. तीन तासांची करमणूक म्हटली तर महाग, पण परवडली.

आमच्यातला सगळ्यात धाकटा मात्र उठला नाही. नोकरीला लागून वर्षच झालेलं पोरगं. त्याने कुठेतरी वाचलं होतं, हरलं की डबल करायचं, म्हणजे एकदा जिंकलं की सगळं वसूल. प्लेअरवर हजार लावले, गेले. दोन हजार, गेले. चार, आठ, सोळा. स्क्रीनवर लाल गोळ्यांची रांग. पाच डावांत ३१ हजार साफ. मला नंतर कळलं, ते बदलापूरला भाड्याने घ्यायच्या फ्लॅटचं डिपॉझिट होतं.

तो माझ्याजवळ आला. चेहरा पांढराफटक. "दादा, फक्त बत्तीस हजार. जीपे कर. आता प्लेअर येणारच. दहा मिनिटांत परत करतो."

माझ्या खात्यात होते. पुढच्या आठवड्यातल्या ईएमआयचे. आणि हा पोरगा रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा. मी हिशेब करत होतो. बत्तीस लावून आला तर त्याला एकूण हजार रुपये सुटणार. नाही आला तर ६३ हजार जाणार, त्यातले बत्तीस माझे. आणि येण्याची शक्यता? जवळपास निम्मी. पाच लाल गोळ्यांनी त्यात काडीचाही फरक पडत नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"दादा, प्लीज."

"नाही रे. चल, वर जेवायला जाऊ."

तो टेबलाकडे बघत उभा राहिला. डीलरने पुढचा डाव काढला. प्लेअरला चौकट नव्वी आणि किलवर राजा. नॅचरल नऊ. प्लेअर जिंकला!

तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होता ती मी विसरणार नाही. परतीच्या ट्रेनमध्ये तो वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपला. ठाण्याला उतरताना त्याने बाय पण म्हटलं नाही.

चौकट: बोटीवर चढण्याआधी

- हरायची रक्कम घरून ठरवून न्या. कार्ड रूमवर ठेवा आणि फोनमधून पैसे पाठवायचेच नाहीत, हे आधीच ठरवा.
- २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांनाही खेळायला बंदी आहे.
- सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. हा भार चिप्स घेताना तुमच्यावर किती पडतो, हे काउंटरवर आधी विचारा.
- जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के इन्कम टॅक्स, वर सेस. हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.
- टायच्या वाटेला जाऊ नका. 'डबल करत जा' हा सल्ला देणाऱ्याच्याही नाही. लागोपाठ सहा डाव हरणं वाटतं तेवढं दुर्मिळ नाही. साधारण साठात एकदा घडतं.
- 'प्रॅक्टिस' म्हणून ॲपवर पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. प्रॅक्टिसला चणे उत्तम.
- खेळ हाताबाहेर जातोय असं वाटलं, स्वतःचा किंवा मित्राचा, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ ला फोन करा. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढचा डाव

रविवारी अंकलना सगळं सांगितलं. नव्वी आली हेही. मला वाटलं होतं, ते शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतो? चूक केला?"

"दिले असते तर त्याचे पैसे वाचले असते, अंकल."

"वाचले असते," ते म्हणाले. "आणि पोरगा काय शिकला असता? की डबल केला की येतो. मला पण दोनदा आला होता, बेटा. म्हणून तर तिसऱ्यांदा गेलो."

तरीही ऑफिसात दीड महिना वाईट गेला. तो डबा घेऊन वेगळ्या टेबलवर बसायचा. डिपॉझिट पुन्हा जमेपर्यंत बदलापूरचा फ्लॅट हातचा गेला आणि चार जणांच्या रूममध्येच त्याला राहावं लागलं. मी नाही म्हणालो ते बरोबर होतं, हे गणिताने मला शंभर वेळा पटवलं. पण जेवताना समोरची खुर्ची रिकामी दिसायची तेव्हा गणित कामाला यायचं नाही.

गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. सातव्या मजल्यापर्यंत तो गप्प. मग पत्र्याकडे बघतच म्हणाला, "दादा, ते तुमचे अंकल... चण्यांवाले. मला शिकवतील का? खेळायला नाही. ती वही बघायची आहे."

रविवारी येतोय तो. आंटींना दाल-पकवान तीन प्लेट सांगून ठेवलंय. अंकलनी एक नवीन वही आणायला सांगितली आहे, जुनी भरली म्हणून.